फायनल, फायनल टू आणि आत्याच्या ओव्या

प्रत्येक ऑफिसात असा एक तरी असतोच. सोमवार ते शुक्रवार कोडिंग, टेस्टिंग नाहीतर एक्सेल शीट, आणि शुक्रवारी रात्री घरी पोचला की बेडरूमचा स्टुडिओ! एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, स्टँडवर कंडेन्सर माइक, कानावर जाडजूड हेडफोन... झाला गडी म्युझिशियन. तुमच्या टीममध्ये असा कुणी दिसत नसेल, तर बहुतेक तो तुम्हीच!

या मंडळींच्या गप्पा ऐका कधीतरी. माइक कुठला घेतलास? रिव्हर्ब कुठलं वापरतोस? तो नवा प्लगइन ट्राय केलास का? लंच टाइम संपतो, गप्पा संपत नाहीत. पण मध्येच विचारा, ‘रेकॉर्ड केलेल्या फाइल्स ठेवतोस कुठे रे?’ चेहरा कोरा. ‘कुठे म्हणजे? सेव्ह केलंय ना!’

बॉस, सगळा घोळ इथेच आहे. सेव्ह केलंय, मान्य. पण नेमकं काय सेव्ह केलंय?

विषय बोअर आहे, मला ठाऊक आहे. फाइल्स, फोल्डर, बॅकअप... ऑफिसात दिवसभर तेच, घरी पण तेच? पण माझ्याकडे चार तासांचं एक रेकॉर्डिंग आहे. ते पुन्हा करायचं म्हटलं तरी आता होणार नाही. म्हणून या बोअर विषयावर मला पोटतिडकीने बोलायचंय.

गोधड्यांचा स्टुडिओ

माझं गाव भोकरदन. पुण्यात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘हे नेमकं आलं कुठं?’ तर जालना जिल्ह्यातलं, केळणा नदीच्या काठावरचं हे तालुक्याचं गाव. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या पुढे.

२०१९ ची दिवाळी. भाऊबीजेला आत्या माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली. आत्या सत्तरी ओलांडलेली. तिला ओव्या येतात. किती येतात ते तिचं तिलाही ठाऊक नाही, कारण आठवायला बसली तर एक आठवत नाही आणि जात्याचा खुंटा हातात आला की थांबत नाही! आमच्या घरचं जातं गिरणी आल्यापासून परसात पडून होतं. लग्नकार्यात हळदीपुरतं पुजायला निघायचं तेवढंच. बाबांनी आणि मी मिळून ते आत आणलं, धुतलं, पुसलं.

मधल्या खोलीत दोन दोऱ्या बांधल्या आणि त्यावर चार जाड गोधड्या टाकल्या. खोलीचा घुमारा खायला गोधडीसारखी वस्तू नाही. शहरात याच कामाचे फोमचे तुकडे बऱ्यापैकी पैसे मोजून घ्यावे लागतात. वेळ पहाटे चारची. नंतर मोटारसायकली, भोंगे, शेजारचा टीव्ही सगळंच सुरू होतं. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी अवकाळी पावसाने मराठवाड्याला झोडपलं होतं. कापूस, सोयाबीन शेतातच भिजत होतं. पत्र्यावर सर आली की रेकॉर्डिंग बंद, सर गेली की सुरू. मध्येच लाइट जायची, पण लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवर, त्यामुळे नो टेन्शन.

दोन माइक लावले. एक आत्यासमोर, एक जात्याजवळ. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. हिशेब सोपा आहे. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना ३ बाइटचा. म्हणजे एका ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी. तीन पहाटे मिळून चार तास, ट्रॅक दोन, सगळं मिळून ४ जीबीच्या थोडं वर. हेच १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत पाव जीबीत मावलं असतं. पण एमपीथ्री करताना आवाजाचा जो भाग गाळला जातो तो पुन्हा मिळत नाही. मूळ रेकॉर्डिंग वॅव्हमध्येच ठेवायचं, एमपीथ्री नंतर हवी तेवढी करता येते. उलटं होत नाही.

तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता आत्या स्क्रीनवरच्या लाटांकडे बघत बसली होती. मग म्हणाली, ‘पोरी, यात माझा आवाज कुठं राहतो गं?’

हसू नका. बेडरूममध्ये स्टुडिओ थाटलेल्या भल्याभल्यांना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

सातबारा म्हणजे जमीन नव्हे

आत्याला मी सांगितलं ते असं. ‘आत्या, हे स्क्रीनवर दिसतंय ना, तो सातबारा आहे. जमीन दुसरीकडं आहे.’

तिला लगेच कळलं. सातबारा हातात आहे म्हणून कुणी जमीन खिशात घालून फिरत नाही. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचंही तसंच. आपण ‘सेव्ह’ दाबतो तेव्हा बहुतेक सॉफ्टवेअर एक छोटी प्रोजेक्ट फाइल लिहितं. त्यात आवाज नसतो. त्यात नोंदी असतात. अमुक फाइल अमुक फोल्डरमध्ये आहे, ती तिसऱ्या सेकंदापासून वाजव, इथे थोडी हळू कर, इथे काप. खरा आवाज वेगळ्या वॅव्ह फाइल्समध्ये असतो. रीपर वापरत असाल तर त्याची .आरपीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. चक्क अक्षरं दिसतात, आणि त्यात ओळीओळीला ऑडिओ फाइल्सचे पत्ते.

याचा फायदा मोठा आहे. तुम्ही ट्रॅक कापता, जोडता, उलटसुलट करता, पण मूळ फाइलला धक्का लागत नाही. फक्त सातबाऱ्यावरची नोंद बदलते. तोटाही तिथेच. जमिनीचा पत्ता बदलला, फोल्डर हलवला, नाव बदललं, पेनड्राइव्ह काढला, की सातबारा कोरा कागद!

आमच्या ऑफिसच्या बँडमधल्या एका मित्राचा किस्सा. त्याच्या लॅपटॉपवर जागा संपत आली होती. शोधाशोध केली तर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘ऑडिओ’ नावाचा सहा जीबीचा फोल्डर आणि बाजूला काही केबींची प्रोजेक्ट फाइल. गाणं तर प्रोजेक्ट फाइल उघडल्यावर वाजतं, मग हा सहा जीबीचा कचरा कशाला? त्याने प्रोजेक्ट फाइल स्वतःलाच मेल केली, ‘बॅकअप’ म्हणून. मोठा फोल्डर डिलीट, रिसायकल बिन रिकामा. पुढच्या रिहर्सलला प्रोजेक्ट उघडला. ट्रॅक जागच्या जागी, रंग तेच, नावं तीच, व्हॉल्यूमच्या रेषाही तशाच... आणि आवाज शून्य. आठ महिन्यांची पाच गाणी. ड्रम्स परत वाजवले, गिटारही परत झाली, पण गाणारी मुलगी तोवर कॅनडाला गेली होती.

सेफर की फास्टर?

फुकट मिळतं म्हणून बहुतेकांची सुरुवात ज्याने होते ते ऑडॅसिटी घ्या. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते १९९९ मध्ये करायला घेतलं, २००० मध्ये लोकांसाठी खुलं केलं. पुढची वीस वर्षं त्याची पद्धत अशी होती की एक .एयूपी फाइल आणि तिच्या शेजारी त्याच नावाचा ‘_डेटा’ फोल्डर. त्या फोल्डरमध्ये तुमच्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे, फार तर एकेका एमबीचे, विचित्र नावांचे. लोक काय करायचे? मित्राला फक्त .एयूपी पाठवायचे आणि फोल्डर घरीच. नाहीतर तुकड्यांची नावं ‘नीट’ करायला जायचे. किती जणांची गाणी अशी गेली असतील, देव जाणे! मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने हे सगळं .एयूपी३ नावाच्या एकाच फाइलमध्ये आणलं. सातबारा आणि जमीन एकत्र. पण त्यातही एक गोम आहे. प्रोजेक्ट उघडा असताना शेजारी तात्पुरत्या फाइल्स तयार होतात, काही बदल अजून त्यांच्यातच असतात. म्हणून कॉपी करायची ती प्रोजेक्ट बंद करूनच.

जुन्या ऑडॅसिटीत आणखी एक मजा होती. बाहेरची वॅव्ह फाइल आत घेताना ते विचारायचं, फाइलची कॉपी करू की मूळ जागेवरूनच वाचू? पहिल्या पर्यायापुढे कंसात लिहिलेलं ‘सेफर’, दुसऱ्यापुढे ‘फास्टर’. आपल्या पिढीचा सगळा प्रॉब्लेम या दोन शब्दांत आला की नाही? आपण डोळे झाकून फास्टरवर टिचकी मारतो.

बाकी सॉफ्टवेअरमध्येही हा प्रश्न असतो, फक्त तो मेनूमध्ये लपलेला असतो. रीपरमध्ये ‘सेव्ह अॅज’ करताना सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची चौकट आहे. एबलटन लाइव्हमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ आहे, क्युबेसमध्ये ‘बॅक अप प्रोजेक्ट’. नावं वेगळी, काम एकच. जिथे जिथे आवाज विखुरलेत तिथून ते गोळा करून एका छपराखाली आणायचे. हे बटण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे आहे, ते आज रात्रीच शोधा.

आणि आधी सेव्ह, मग रेकॉर्ड. हा माझा पहिला नियम. नवा प्रोजेक्ट उघडला की एकही सूर लागण्याआधी त्याला नाव द्यायचं आणि त्याचा स्वतंत्र फोल्डर करायचा. तसं न करता लाल बटण दाबलं तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये जाऊन पडतं. मग सहा महिन्यांनी ‘०१’, ‘०१-००१’ अशा नावांच्या ढिगाऱ्यात बसून आपला आवाज ओळखायचा!

फायनल, फायनल टू, रिअल फायनल

आता नावांचं बोलू. खरं सांगा, तुमच्या लॅपटॉपवर ‘साँग फायनल’, ‘साँग फायनल टू’ आणि ‘साँग रिअल फायनल’ आहे की नाही? आणि त्यातलं खरं फायनल कुठलं ते तुम्हाला आठवतं?

भोकरदनला मी नावाचा एकच साचा ठरवला होता. आधी वर्ष-महिना-तारीख, मग गाव, मग कोण, मग काय, शेवटी नंबर. ‘२०१९-१०-३०, भोकरदन, आत्या, ओवी, ०१’. वर्ष आधी लिहिलं की कॉम्प्युटर फाइल्स आपोआप काळाच्या क्रमाने लावतो. आणि नंबर १ नाही, ०१. नाहीतर १ नंतर १० येतो आणि २ मागे राहतो. शिवाय त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवली. कुठल्या फाइलमध्ये कुठल्या विषयाच्या ओव्या, कुठला माइक कुठे होता, पाऊस कुठे ऐकू येतो, आत्या कुठे अडखळली. रोज रेकॉर्डिंग संपल्यावर दहा मिनिटं. जास्त नाही.

ही दहा मिनिटं किती मोलाची असतात ते कळायला आपल्याच महाराष्ट्रातलं एक काम बघायला हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी पुण्याच्या आसपासच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल हे फ्रेंच इंजिनिअर त्यांना येऊन मिळाले. त्यांनी डेटाबेस बांधला, १२० तासांहून जास्त रेकॉर्डिंगला टिपणं जोडली. पॉइत्वाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पण काम गेलं नाही. रेकॉर्डिंग गुरगावच्या ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’मध्ये ठेवलेलं होतं. पुढे त्याची एक प्रत फ्रान्समधल्या संग्रहात गेली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने, म्हणजे ‘पारी’ने, त्या ओव्या सगळ्यांसमोर आणल्या.

आज कुणीही परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरेंचा आवाज ऐकू शकतं. आणि हा आवाज गंगूबाईंचा, ताडकळसचा, हे आपल्याला कळतं कसं? कुणीतरी तेव्हा लिहून ठेवलं म्हणून. नाव नसलेली फाइल म्हणजे जत्रेत हरवलेलं मूल. आवाज ऐकू येतो, पण कुणाचं ते कळत नाही.

अनयूज्ड म्हणे!

पुण्यात परत आल्यावर मी एडिटिंगला बसले. चार तासांतून निवडक ओव्यांचा चाळीस मिनिटांचा संग्रह करायचा, भाऊबहिणींना वाटायचा, असा बेत. महिनाभर शनिवार-रविवार तेच. काम संपल्यावर मेनूमध्ये एक पर्याय दिसला. ‘क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी’. प्रोजेक्टमध्ये न वापरलेल्या फाइल्स शोधून काढून टाकण्याचा. या ना त्या नावाने तो बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि जागा संपत आली की फार मोहात पाडतो. मी फक्त यादी बघितली.

यादीत काय होतं? पहिल्या दिवशी आत्या म्हणाली होती, ‘थांब, पाणी पिऊ दे,’ आणि मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं होतं, ती सहा मिनिटं. चहा आला तेव्हाची अकरा मिनिटं. त्यात आत्या सांगते की ही चाल तिला तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने शिकवली. आजी दोन पायल्या ज्वारी दळेपर्यंत थांबायची नाही, आणि लेकीच्या ओव्या म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा. मग आत्या तो बारीक आवाज करून दाखवते. आजी गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला तिचा आवाज आठवत नाही. ती अकरा मिनिटं मला आजीच्या जेवढी जवळ नेतात, तेवढं दुसरं काहीच नेत नाही.

सॉफ्टवेअरच्या हिशेबात ही सतरा मिनिटं ‘अनयूज्ड’! त्याचंही बरोबरच आहे म्हणा. गाण्यात वापरली नाहीत म्हणजे अनयूज्ड. पण सॉफ्टवेअरला गाणं कळतं, घर कळत नाही.

म्हणून माझा दुसरा नियम. मूळ रेकॉर्डिंगचा फोल्डर वेगळा, एडिटिंगचा वेगळा. मूळ फोल्डर पहिल्या रात्रीच ‘रीड ओन्ली’ करायचा. त्यातलं काही कापायचं नाही, पुसायचं नाही, नॉइज काढायला म्हणूनही हात लावायचा नाही. जी काही कलाकारी करायची ती प्रतीवर. चार जीबीची जागा आजच्या डिस्कमध्ये म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला डबा. ती वाचवायला एवढा खटाटोप कशाला?

भोकरदन ते पाँपेई

प्रती किती ठेवायच्या? पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने डिजिटल फोटो सांभाळण्याच्या निमित्ताने एक फंडा लोकप्रिय केला. ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉप आणि त्याच टेबलावरची हार्ड डिस्क म्हणजे दोन प्रती खऱ्या, पण जागा एकच. आग लागली, पाणी शिरलं, चोर आला, तर दोन्ही एकदमच जाणार.

भोकरदनला ही गोष्ट फार आधीच अनुभवाने ठाऊक असावी, असं मी गमतीने म्हणते. आमच्या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत ते येतं. १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आणि १९७० च्या दशकात भोकरदनला उत्खनन झालं, तेव्हा त्याच ठेवणीची हस्तिदंती मूर्ती इथल्या मातीतही मिळाली. दोन हजार वर्षं, दोन जागा, मध्ये अख्खा समुद्र. कुणी ठरवून केलेला बॅकअप नव्हता तो, पण एका जागेचं काहीही होवो, ती घडण दुसऱ्या जागी राहिली.

क्लाउड आहे ना, असं म्हणाल. आहे, आणि वापराच. पण एक लक्षात ठेवा. नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवरची फाइल तुम्ही पुसली की सिंक आज्ञाधारकपणे क्लाउडवरचीही पुसतं. काही दिवस ती तिथल्या कचरापेटीत असते, मग तीही मुदत संपते.

आणि प्रत केली म्हणजे झालं असंही नाही. ती उघडते का ते बघावं लागतं. ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना, १९९८ मध्ये, कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि सर्व्हरवरून सिनेमाच गायब व्हायला लागला. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता हे तेव्हा कळलं! सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करायच्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. म्हणून दर सहा महिन्यांनी डिस्क लावायची, फाइल्स मोजायच्या, आकार जुळतो का बघायचा आणि दोन-तीन फाइल्स सुरुवात, मध्य, शेवट अशा ऐकायच्या. अर्धा तास लागतो.

कपाटातली डिस्क

माझी तिसरी प्रत भोकरदनला होती. बाबांच्या गोदरेजच्या कपाटात, घराच्या कागदांच्या पिशवीत, एका छोट्या हार्ड डिस्कवर. वर पट्टी चिकटवलेली, ‘आत्याच्या ओव्या २०१९, पुसू नये’. दर दिवाळीला गेले की मी ती लावून बघायची. आई म्हणायची, ‘तिची पण पूजा कर आता!’

२०२१ च्या हिवाळ्यात आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, चालायलाही लागली, पण उजवा हात आणि जीभ जड झाली. बोललेलं घरच्यांना कळतं. गाणं मात्र गेलं.

आणि २०२२ मध्ये आम्ही सगळे एका लग्नाला गेलेलो असताना पुण्यातला माझा फ्लॅट फुटला. दागिने नव्हतेच, मग चोराने लॅपटॉप नेला, इंटरफेस नेला आणि ड्रॉवरमधली हार्ड डिस्कही नेली. पोलिसांना यादी देताना मी सगळं सांगितलं. किंमत किती, असं त्यांनी विचारलं. लॅपटॉपची सांगितली, इंटरफेसची सांगितली. डिस्कवर काय होतं ते रकान्यात बसणारं नव्हतं.

त्याच रात्री बाबांना फोन केला. त्यांनी कपाट उघडलं, पिशवी काढली आणि म्हणाले, ‘आहे.’ एवढंच. त्या एका शब्दासाठी तीन वर्षं ३-२-१ चा हट्ट केला होता असं वाटलं.

नव्या लॅपटॉपवर मी आधी प्रोजेक्ट उघडला नाही, थेट वॅव्ह फाइल्स उघडल्या. प्रोजेक्ट फाइल त्या त्या सॉफ्टवेअरची भाषा बोलते. दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर असेल, नसेल. वॅव्ह मात्र कुठलंही सॉफ्टवेअर वाजवतं. म्हणूनच प्रत्येक प्रोजेक्ट संपला की प्रत्येक ट्रॅक अगदी शून्यापासून शेवटपर्यंत वेगळी वॅव्ह म्हणून काढून ठेवायचा. सगळ्या फाइल्स एकाच बिंदूपासून सुरू होतात, त्यामुळे उद्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक टाकल्या की गाणं पुन्हा उभं राहतं.

आता ओव्यांच्या प्रती तीन नाहीत, चार आहेत. पुण्यात, भोकरदनला, क्लाउडवर आणि आत्याच्या घरी. आत्याची नात नववीत आहे. तिला मी आधी तो चाळीस मिनिटांचा घासूनपुसून केलेला संग्रह दिला होता. आठ दिवसांनी तिचा फोन. ‘ताई, यात आजी नुसती गाती. मला ते बोलण्याचं पण पाहिजे.’ मग तिला सगळे चार तास दिले, ‘अनयूज्ड’सकट. ती आता चहाच्या वेळची अकरा मिनिटं ऐकून चाल धरते. चुकली की आत्या डाव्या हाताने मांडीवर थाप मारते, परत म्हण म्हणून.

गेल्या भाऊबीजेला पोरीने मला मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग पाठवलं. तीन ओव्या, पाठीमागे कुकरची शिट्टी. मी आवाजाआधी फाइलचं नाव वाचलं. आधी वर्ष, महिना, तारीख. मग गाव, मग तिचं नाव, मग ‘ओवी’, आणि शेवटी ०१.

मी ती लगेच डिस्कवर टाकली. तुमचं काय? या शनिवारी पिक्चरला जायच्या आधी अर्धा तास काढा. प्रोजेक्टचा फोल्डर उघडा, आवाज नेमका कुठं आहे ते बघा, आणि त्याची एक प्रत गावाकडच्या कपाटात ठेवायला पाठवून द्या.